मेल गेली का?

माझ्या लहानपणी मेल स्त्रीलिंगी होती आणि लोखंडाची होती. ती मुंबईहून मद्रासला जायची आणि जाता जाता आमच्या दुधनीतल्या घरातली फडताळातली भांडी वाजवून जायची. स्वयंपाकघरातून अव्वा, म्हणजे आई, विचारायची, "मेल गेली का?" ओट्यावरून अप्पा सांगायचे, "इन्ना इल्ला." म्हणजे अजून नाही. मग पानं घ्यायला वेळ आहे असं समजून आम्ही पोरं परत गोट्या खेळायला पळायचो. भिंतीवर घड्याळ होतं, चालतही होतं, पण जेवण मेलवर ठरायचं. मेलला उशीर झाला की आम्ही उपाशी.

दुधनी अक्कलकोट तालुक्यात आहे, सोलापूर–वाडी लोहमार्गावर. महाराष्ट्र संपता संपता कन्नड बोलायला लागतो, तिथं आमचं गाव. याच रुळांनी १८७१ साली रायचूरला मुंबई आणि मद्रासची गाठ घातली. मेलला मेल म्हणायचं ते तिच्यात टपालाचा डबा असतो म्हणून, आणि त्या डब्यात आर.एम.एस.ची, म्हणजे रेल्वे टपाल सेवेची, माणसं हेलकावे खात पत्रं खणाखणांत टाकत असतात, हे गुरुजींनी शाळेत सांगितलं होतं. तेव्हापासून माझी अशी समजूत होती की पत्र म्हणजे घाम गाळून आणलेली वस्तू.

पुढं पुण्याला गेलो, संगणकाची नोकरी धरली आणि मेलचं लिंगच बिघडलं. ऑफिसात कुणी म्हणे "मेल टाकला", कुणी म्हणे "टाकली". आमच्यातल्या एक बाई दर सोमवारी सकाळी पेटी उघडून "मेलं!" म्हणायच्या. ते लिंग नव्हतं, मत होतं.

त्या मताशी मी हळूहळू सहमत झालो. दिवसाला दीडशे मेल येतात, त्यांतल्या कामाच्या सहा-सात. ज्या दुकानातून मी आयुष्यात एकदा पंखा घेतला, ते दुकान तेव्हापासून मला आठवड्याला दोन पंखे घे म्हणतं. मेल बघायला म्हणून ब्राउझर उघडावा, तर शेजारच्या खिडकीत बातम्या, त्या बातम्यांच्या शेजारी क्रिकेट. तासाभरानं मधल्या फळीचा धावफलक तोंडपाठ आणि साहेबांची मेल न उघडलेली. शेवटी यंदा जानेवारीत 'घरून काम' म्हणून दुधनीला आलो, तेव्हा मनाशी ठरवलं: ब्राउझर बंद. मेल आता ईमॅक्सच्या आत आणायची.

ईमॅक्स म्हणजे मजकूर लिहिण्याचं आणि दुरुस्त करण्याचं साधन. पण हे सांगणं म्हणजे दुधनीची बाजार समिती ही एक मोकळी जागा आहे, असं सांगण्यासारखं झालं. जागा मोकळीच आहे. जानेवारीत तुरीच्या हंगामात येऊन बघा. अमेरिकेत एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन आणि मंडळींनी 'टेको' नावाच्या जुन्या एडिटरवर छोट्या छोट्या आज्ञांचे थर चढवले. 'एडिटर मॅक्रोज'मधून ईमॅक्स हे नाव निघालं. आपण आज वापरतो तो ग्नू ईमॅक्स १९८५पासूनचा. त्यात दिनदर्शिका आहे, गणकयंत्र आहे, टेट्रिस आहे, मन मोकळं करायला एक डॉक्टरसुद्धा आहे. आणि हे सगळं ज्याला जसं हवं तसं बदलता येतं. ही सोय वाटते, पण ते व्यसन आहे. एकदा माणूस ईमॅक्स बदलायला लागला की त्यात काही लिहायचं राहूनच जातं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशीपर्यंत भिंती हलवत बसणारे असतात ना, त्या जातीचे आम्ही.

जेमी झविन्स्की नावाचा एक प्रोग्रॅमर होऊन गेला, म्हणजे अजून आहे, पण नियम करणाऱ्यांबद्दल असंच बोलायची पद्धत आहे. त्यानं ईमॅक्सच्या एका शाखेवरही काम केलं आणि नेटस्केपवरही. त्याचा नियम असा: प्रत्येक प्रोग्रॅम फुगत फुगत अखेर मेल वाचायला लागतो, आणि ज्याला ते जमत नाही त्याची जागा जमणारा घेतो. हा नियम मला पटवून द्यावा लागला नाही. आमच्या गल्लीतलं दुकान सुरू झालं तेव्हा नुसतं धोतरं आणि लुगडी विकायचं. मग चपला आल्या, मग छत्र्या, मग लग्नपत्रिका, मग मोबाइलचं रिचार्ज. शेजारी एक कट्टर दुकानदार होता, फक्त धोतरं विकणार म्हणायचा. त्याच्या जागी आता रिचार्जचं दुसरं दुकान आहे.

नुसत्या मजकुरात मेल वाचणं मला नवीन नव्हतं; विद्यार्थी असताना तेच केलं होतं. आपल्याकडे पत्रव्यवहारातल्या क्रांत्या १५ ऑगस्टलाच होतात. १५ ऑगस्ट १९७२ला पिन कोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले अधिकारी आणि वर संस्कृत कवी. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच्या कितीतरी आधी, १९८६-८७च्या सुमारास, एर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या प्रकल्पात जुहूच्या एन.सी.एस.टी. या संस्थेतून पवईच्या आय.आय.टी.त मेल जायला लागली होती. जुहूहून पवईला तेव्हा मेल लवकर पोचायची की माणूस, हे मला माहीत नाही. आज मात्र मेलच्या बाजूनं पैज लावायला हरकत नाही. निगमच्या इंटरनेटमधून आम्हा विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलं ते स्वस्तातलं 'शेल' खातं. चित्र नाही, रंग नाही, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि त्यात 'पाइन' नावाचा मेलवाचक. फोनची लाइन लागायला वीस मिनिटं, मेल वाचायला दोन. पण त्या दोन मिनिटांत मी खरोखर मेलच वाचत असे. पंख्याचा विषय निघत नसे.

तर मुद्दा साधा होता. मेल म्हणजे मजकूर. मी दिवसभर मजकुराच्या साधनात बसलेला असतो. मग त्यातच मेल आली तर? हे वाक्य मी रात्री जेवताना बोललो, कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीच्या मधे. अप्पांनी ऐकून घेतलं आणि जेवण झाल्यावर विचारलं, "एन माडाकत्ती? काय करतोयस, नीट सांग."

अप्पांची आडत आहे, माझ्या जन्माआधीपासून. वय बहात्तर. अजून रोज गादीवर बसतात. मी सांगायला सुरुवात केली.

"अप्पा, आधी एक प्रोग्रॅम लागतो. तो तिकडच्या सर्व्हरवरच्या मेल उचलून माझ्या लॅपटॉपवर आणून टाकतो. एमबीसिंक."

"हमाल," अप्पा म्हणाले.

"मग दुसरा. आलेल्या मेलची नोंद करतो. कुणाची, कधीची, कशाबद्दल. त्याचं नाव म्यू."

"दिवाणजी."

"तिसरा ईमॅक्सच्या आत बसतो आणि मला सगळं समोर मांडून दाखवतो. म्यू-फोर-ई."

"गादी."

"आणि चौथा, मी लिहिलेली मेल बाहेर नेतो. एमएसएमटीपी."

"लॉरीवाला. वजन करणारा तोलार कुठाय?"

"तोलार नाही, अप्पा."

"मग चोरीचा आळ येणार कुणावर तरी." अप्पांनी सुपारी कातरली. "हमाल, दिवाणजी, गादी, लॉरी. तू आडतच काढलीस की. पगार किती यांना?"

"काही नाही. फुकट आहेत."

"फुकटचा हमाल पोतं टाकतो ते पायावर."

संगणकशास्त्रात याला युनिक्सचं तत्त्वज्ञान म्हणतात: प्रत्येक प्रोग्रॅमनं एकच काम करावं, पण नीट करावं. त्यावर लोकांनी ग्रंथ लिहिलेत. अप्पांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. "हमालानं वहीला हात लावला तर दिवाणजी काम सोडून जाईल," एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले.

पहिला दिवस कुलपात गेला. माझ्या मेलसेवेला (नाव घेत नाही, संबंध टिकवायचे आहेत) अशा बाहेरच्या हमालाला माझा नेहमीचा पासवर्ड दिलेला चालत नाही. त्यासाठी आधी दुहेरी पडताळणी सुरू करायची, मग ती सोळा अक्षरांचा एक वेगळा पासवर्ड देते, चार-चार अक्षरांचे चार तुकडे करून. तो उघडा ठेवायचा नाही म्हणून एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवायचा. त्या कुलपाला पुन्हा पासवर्ड. म्हणजे आमच्या तिजोरीसारखं झालं: तिजोरीची किल्ली देवघरात, देवघराची किल्ली अव्वाच्या कमरेला, आणि अव्वा झोपलेली. मग दारांचे आकडे. मेल आणायचं दार ९९३, पाठवायचं ५८७. मी घाईत आतल्या दारानं बाहेर जायला निघालो आणि दोन तास उंबऱ्यावर उभा राहिलो. पत्त्यावरचा पिन कोड चुकला तर पोस्टमन निदान चारचौघांत विचारत विचारत येतो. सर्व्हर विचारत नाही. तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याला 'टाइमआउट' म्हणतात.

दुसरा दिवस हमालाचा. माझ्या पेटीत एक्केचाळीस हजार मेल निघाल्या. घरात रेंज येत नाही. येते ती माळवदावर, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, कठड्यापासून हातभर. तिथं मोबाइल ठेवला, त्याचं इंटरनेट खाली लॅपटॉपला दिलं आणि एमबीसिंक सोडला. दर अर्ध्या तासानं अव्वा जिन्यावरून ओरडायची, "अरे, तुझा फोन वाजालाय!" मी वर धावायचो. फोन उचलला की इंटरनेट तुटायचं, इंटरनेट तुटलं की हमाल पोतं खाली टाकायचा. फोन पंखेवाल्यांचा असायचा.

संध्याकाळी मोजणी केली तर मेल भरल्या साठ हजारांच्या वर. एक्केचाळीसच्या साठ झाल्या कशा? तर माझ्या मेलसेवेत एका पत्राला दोन-तीन चिठ्ठ्या लावता येतात, 'काम', 'महत्त्वाचं' वगैरे. हमालाला चिठ्ठी हा प्रकार कळत नाही. तो प्रत्येक चिठ्ठीला वेगळं पोतं समजतो. शिवाय 'सगळी मेल' नावाचं एक कोठार आहे, त्यात चिठ्ठीवालं सगळं पुन्हा एकदा. अप्पांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच मनापासून हसले. "एकाच मालाच्या दोन पावत्या. आमच्याकडे हे जमलं असतं तर मी माडी बांधली असती."

तिसऱ्या रात्री दोन वाजेपर्यंत नवी मेल येईना, तेव्हा मी ईमॅक्समधला डॉक्टर उघडला. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी एम.आय.टी.त 'एलायझा' नावाचा संवाद करणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला होता, हा त्याच घराण्यातला. तुम्ही जे सांगाल त्याचाच प्रश्न करून तो परत देतो. मी इंग्रजीत लिहिलं, मेल येत नाही. त्यानं विचारलं, मेल येत नाही असं तुम्ही का म्हणता? एवढ्यात अव्वा पाणी प्यायला उठली.

"झोपला नाहीस?"

"मेल येत नाही."

"का येत नाही?"

"तेच कळत नाही."

"कधीपासून कळत नाही?"

दोघांची पद्धत एकच होती. पण अव्वानं जाताना दिवा बंद केला. उपचार तिचाच लागू पडला.

चौथ्या दिवशी मेल आली, पण एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलवली की हमाल भांडायला उठायचा: हा क्रमांक दुसऱ्याचा आहे, मी उचलणार नाही. दुपारपर्यंत शोधलं तेव्हा कारण सापडलं. प्रत्येक मेल ही एक वेगळी फाइल असते, आणि तिच्या नावात ती ज्या कप्प्यातली आहे तिथला क्रमांक गुंफलेला असतो. ती जुन्या नावानिशी नव्या कप्प्यात गेली की तिथं आधीच त्या क्रमांकाची दुसरी बसलेली असते. उपाय एका ओळीचा: हलवताना नाव बदल. मी आनंदानं अव्वाला सांगितलं, "बघ, माहेरचं नाव घेऊन सासरी गेली म्हणून अडवलं होतं. लग्नात नाव बदलतात तसं केलं, चालू झालं."

अव्वा तूर निवडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "माझं मूळचं नाव काय होतं, विचार तुझ्या अप्पाला."

अप्पा वर्तमानपत्रात शिरले. मी मुकाट्यानं पुढच्या चुकीकडे वळलो.

पुढची चूक माझी स्वतःची होती. रेंज जाते-येते म्हणून मी लॉरीवाल्याला सांगून ठेवलं होतं: मेल लगेच पाठवू नको, रांगेत उभी कर, मी सांगेन तेव्हा सोड. हे सांगितल्याचं विसरलो. मग कलबुर्गीच्या भावजींना चाचणी म्हणून एक मेल पाठवली. गेली नाही. दुसरी पाठवली. तीही नाही. असं करता करता रात्री दीड वाजता रांग लक्षात आली आणि मी एक कळ दाबून ती मोकळी केली. एकोणीस मेल एका दमात गेल्या. त्यांचे विषय क्रमानं असे होते: 'चाचणी', 'चाचणी २', 'आता?', 'जा की', 'जा बाबा', 'काय चुकलं माझं', 'शेवटचं', 'खरंच शेवटचं'. उरलेल्या अकरांना विषय नव्हता.

सकाळी सहाला अक्काचा फोन. "अप्पांशी भांडलास का रे?" मागून भावजींचा आवाज, "त्याला म्हणावं नैसर्गिक आहे, या वयात होतं." अप्पांनी फोन घेतला, दोन मिनिटं कन्नडमधून खुलासा केला. मला एवढंच कळलं की त्यात 'फुकटचा हमाल' हे शब्द मराठीत आले.

दुपारी अप्पा स्वतः लॅपटॉपशेजारी येऊन बसले. मी तेव्हा एका मेलची कच्ची फाइल उघडून बघत होतो. विषय मराठी होता, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा नुसता भुसा दिसत होता.

"मोडी आहे काय ही?" अप्पांनी विचारलं.

आमच्याकडे पणजोबांच्या वेळची एक वही आहे. ती मोडीत आहे आणि घरात कुणालाच वाचता येत नाही. त्यामुळे जे वाचता येत नाही ते अप्पांच्या लेखी मोडी. पण त्यांचा नेम अगदी चुकला असं नाही. मेलची मूळ घडण साध्या इंग्रजी अक्षरांसाठीच झाली. देवनागरी काय, फ्रेंच मात्राही तिच्यातून धड जात नसत. १९९२ साली 'माइम' नावाची सोय निघाली, आणि बाकीच्या लिपींना इंग्रजी अक्षरांचा बुरखा घालून न्यायची रीत बसली. देवनागरीचं एक चिन्ह संगणकात तीन बाइटचं. बुरखा घातल्यावर त्याची चार इंग्रजी अक्षरं होतात. म्हणजे 'तूर' लिहिलं की त, उकार, र मिळून बारा अक्षरांचा भुसा. पोचल्यावर ईमॅक्स तो भुसा पाखडून आतला दाणा दाखवतो.

"दाखव बघू दाणा," अप्पा म्हणाले. मी कंट्रोल आणि एच दाबून मग पुन्हा एच दाबला. या कळांनी ईमॅक्स जगातल्या अनेक भाषांमधला नमस्कार एका पानावर दाखवतो. अप्पांनी बोट फिरवत फिरवत खाली आणलं आणि एका ओळीवर थांबले. कन्नड अक्षरांत 'नमस्कार'. त्यांचं शिक्षण कन्नड शाळेतलं. अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आजही भरतात. त्यांनी तो शब्द मोठ्यानं वाचला, जसा फळ्यावरचा वाचावा, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा ईमॅक्सकडे आडत्या आडत्याकडे बघतो तसं बघितलं.

"बरा आहे माणूस," म्हणाले.

त्याच संध्याकाळी, सगळं जुळल्यावरची पहिली मेल ईमॅक्समध्ये आली. हमालानं आणली, दिवाणजीनं नोंदली, गादीवर मांडली गेली. मी अव्वाला हाक मारली, अप्पांना खुर्ची दिली आणि कळ दाबली. मेल माझ्या मेलसेवेकडूनच होती. तिचा आशय असा: कुणीतरी अनोळखी प्रोग्रॅम वापरून तुमची पत्रं वाचतो आहे, तो तुम्हीच आहात ना?

"म्हटलं नव्हतं," अप्पा म्हणाले. "तोलार नाही. आळ येणार."

आता वाचकाला प्रश्न पडला असेल, आणि मलाही सहाव्या दिवशी पडला, की फोनवर अंगठ्यानं होणारं काम करायला एवढा आटापिटा कशाला? उत्तर मला आडतीवर मिळालं. अप्पांच्या गादीमागे भिंतीला एक तार आहे, वाकवून टोक वर केलेली. पूर्वीच्या काळी आलेलं प्रत्येक कार्ड वाचून झालं की त्या तारेत टोचायचे. जुनं खाली, नवं वर. आता नवं कुणी पाठवत नाही, पण तार आहे. मी विचारलं, "अप्पा, ते दाळमिलवाल्यांचं कार्ड, तुरीचा सौदा फिसकटला होता ते?" अप्पांनी मान न वळवता हात मागे नेला, बोटांनी कागदांची थप्पी चाचपली आणि मधूनच एक कार्ड ओढून बाहेर काढलं. तेच होतं. तारीख होती, भाव होता, सहीखाली "कळावे, लोभ असावा" होतं. सौदा मोडताना मागितलेला लोभ.

"सगळी पत्रं आहेत यात?"

"मेल्याची नाहीत." निधनाचं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचायचं, फाडायचं, अंघोळ करायची. पाच दिवस मी पुसायच्या मेलवर आधी खूण करायची आणि मग एक कळ दाबून सगळ्या एकदम घालवायच्या, हे शिकत होतो. अप्पांच्या तारेला ते शिकवावं लागलं नव्हतं.

आणि तारेखाली अप्पांची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यात एका पानावर उधारी आहे, पुढच्यावर बैलाच्या खुराचं औषध, मग अक्काच्या लग्नातल्या आहेराची यादी, मग फोन नंबर, मग पावसाच्या तारखा. पानं कमी पडली तिथं चिठ्ठ्या चिकटवल्यात. मी विचारलं, "हे सगळं एकाच वहीत का?"

अप्पांना प्रश्नच कळला नाही. "मग? उधारी बघायला एका घरी जाऊ आणि नंबर बघायला दुसऱ्या घरी? वाटेत चारजण भेटतात, चहा पाजतात. तूर राहते बाजूला."

झविन्स्कीनं नियम सांगितला होता, कारण अप्पांनी सांगितलं. पंखेवाल्यांच्या चहाला कंटाळून मी हा सगळा व्याप केला होता. मला नवीन काही नको होतं; मला अप्पांची वही हवी होती. फरक इतकाच की वही बांधणाऱ्यानं ती एकदा बांधून दिली. माझी रोज शिवावी लागते.

सातव्या दिवशी अप्पांनी आपण होऊन मजकूर सांगितला. कलबुर्गीच्या दाळमिलला कळवायचं होतं: माल आलाय, ओलावा कमी आहे, नमुना पाठवतो, भाव फोनवर बोलू. मी ईमॅक्समध्ये मराठीतून लिहून घेतलं. अप्पांनी 'कळावे' घालायला लावलं. 'लोभ असावा' नको म्हणाले, सौदा व्हायचा आहे अजून. मी कळ दाबली. रांग मोकळी आहे ना, ते आधी दोनदा बघितलं. मेल गेली.

अप्पांनी लगेच फोन लावला. "मेल पाठवलीय. आली का?"

पलीकडून मालकाचा मुलगा बोलत होता. त्यानं शोधलं, सापडली नाही, शेवटी म्हणाला, "काका, व्हॉट्सॲपवर टाका की." अप्पांनी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला आणि वही ओढली. तारीख घातली, आणि खाली शाईपेनानं लिहिलं: 'दाळमिल कलबुर्गी यांस मेल रवाना केली.' स्त्रीलिंगी. पोच मिळो न मिळो, आमच्याकडून माल निघाला होता.

इतक्यात स्वयंपाकघरातून अव्वानं विचारलं, "मेल गेली का?"

मी म्हणालो, "गेली."

अप्पा म्हणाले, "इन्ना इल्ला."

अव्वानं अप्पांचं ऐकलं. त्या दिवशी जेवण उशिरा झालं.